सातव्या भागापर्यंतचं मत

विदर्भातल्या खेड्यांत अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी चित्रमालिका, पाहणारी पोरंपोरी आता गल्लोगल्ली आहेत. पण एखादी मालिका चालू असताना तिच्याबद्दल त्यांना काय वाटतं, हे विचारणारं कोणी नाही. शाळा विचारत नाही, घर विचारत नाही, गावातलं वाचनालय तर नाहीच नाही. कानात हेडफोन दिसला की बाप म्हणतो, ‘झालं याचं कार्टून सुरू’, आणि विषय तिथंच मिटतो. मला हे नुकसानीचं वाटतं, आणि नुकसान एकट्या पोरांचं नाही, गावाचंही आहे. मालिका संपायची वाट न पाहता, आजवर जेवढी पाहिली तेवढ्याच्या जोरावर, आपल्या बोलीत आणि कारण देऊन मत सांगणं ही शिकायची आणि शिकवायची गोष्ट आहे. तिला शाळेत आणि गावात हक्काची जागा मिळाली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

जपानी चित्रमालिका आपल्याकडे मोबाइलनं आणल्या असा समज आहे, तो बरोबर नाही. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर लागणारा मोगली अनेकांना आठवत असेल. ती मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशननं १९८९ मध्ये केलेली, ५२ भागांची. हिंदीत आली तेव्हा तिला गुलजारांचं शीर्षकगीत मिळालं, आणि ही मालिका कुठली हे विचारायचं कोणाला सुचलंही नाही, कारण गोष्टीतलं रान आपल्या ओळखीचं होतं. मूळ कथेतलं सिवनीचं जंगल म्हणजे आजचा पेंचचा पट्टा, आणि पेंचचा एक भाग आपल्या नागपूर जिल्ह्यात येतो. देवलापारच्या आसपासची माणसं ज्या झाडीत मोहफुलं वेचतात, तिची गोष्ट जपानमधल्या चित्रकारांनी रंगवून आपल्याला परत पाठवली होती. आज जे बाप पोरांच्या हातातला मोबाइल काढून घेतात, त्यातले बरेच जण त्या वेळी शेजाऱ्याच्या टीव्हीसमोर मांडी घालून हेच पाहत होते. पुढे २००५ च्या सुमारास हंगामा वाहिनीवर डोरेमॉन हिंदीत आला, मागोमाग शिनचॅन आला. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि जे टीव्हीवर लागेल ते पाहायचं हा नियमच मोडला. म्हणजे पाहण्याची सवय आता दुसऱ्या पिढीत आहे. पाहिलेल्याबद्दल बोलण्याची सवय मात्र आपण एकाही पिढीला लावली नाही.

याचा पहिला फटका कुठे बसतो ते सांगतो. चित्र हातानं काढलेलं दिसलं की ते लहान मुलांचंच, हा आपल्या घराघरांतला समज आहे. जपानमध्ये तसं नाही. तिथं बऱ्याच मालिका आधी चित्रकथा म्हणून मासिकांत-साप्ताहिकांत येतात, आणि कोणतं साप्ताहिक कोणत्या वयासाठी हे ठरलेलं असतं. आपल्याकडे चौथी-पाचवीतली मुलं ज्याची नक्कल करतात तो शिनचॅन १९९० मध्ये मोठ्या माणसांसाठी असलेल्या साप्ताहिकात सुरू झाला होता. आपण तो मुलांच्या वाहिनीवर लावला, मग २००८ मध्ये तक्रारी होऊन तो बंद झाला आणि पुढे काटछाट होऊन परत आला. आज तर काटछाट करणारंही कोणी नाही. ‘अटॅक ऑन टायटन’च्या पहिल्याच भागात माणूस खाल्ला जाताना दिसतो. ‘डेथ नोट’मध्ये वहीत नाव लिहून माणसं मारणारा हुशार विद्यार्थी हाच नायक आहे. या मालिका वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, दोन्ही विचार करायला लावणाऱ्या आहेत. पण सातवीतल्या पोराच्या हातात त्या पडतात तेव्हा आईला काही माहीत नसतं, गुरुजींना नसतं, मालिकेचं नावही त्यांनी ऐकलेलं नसतं. ज्याला माहीत असतं तो असतो गल्लीतला बारावीतला दादा. ‘हे तू आत्ता नोको पाहू, दोन वर्सानं पाय’ हे तोच सांगू शकतो आणि लहान पोरगं त्याचंच ऐकतं. त्या दादाचं मत हे गावापाशी असलेलं एकमेव सेन्सॉर बोर्ड आहे, आणि आपण त्याला तोंड उघडू देत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. शिकलेली माणसं म्हणतात, मालिका पूर्ण तर होऊ दे, अर्धवट पाहून कसलं मत देतोस? आक्षेप वाजवी आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

अ‍ॅनिमेची घडण पाहा. जपानी टीव्हीवर वर्षाचे चार मोसम असतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरला सुरू होणारे. एका मोसमात मालिकेचे साधारण बारा-तेरा भाग होतात. आठवड्याला एक भाग, तोही सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं धरून चोवीस मिनिटांच्या आसपासचा. बनवणाऱ्यांनी ती आठवड्याच्या खंडासकट बनवलेली असते. पुढचा भाग येईपर्यंत पाहणाऱ्यानं काय विचार करावा, कशावर पैज लावावी, कोणाबद्दल संशय घ्यावा, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं. त्या मधल्या दिवसांतलं मत हा मालिकेचाच भाग आहे. सगळे भाग एका रात्रीत संपवून दिलेलं मत वेगळं असतं, पूर्ण असतं, पण हा मधला काळ त्यात नसतो.

‘फ्रीरेन’चं उदाहरण घेतो. ही मालिका सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२४ पर्यंत तिचे २८ भाग झाले. जी गोष्ट एरवी जिथं संपते तिथं ही सुरू होते. राक्षसांच्या राजाला मारून चौघं वीर दहा वर्षांनी घरी परततात, आणि त्यांच्यातली फ्रीरेन हजार वर्षांहून जास्त जगलेली असल्यानं तिला ती दहा वर्षं म्हणजे काहीच वाटत नाहीत. पन्नास वर्षांनी ती परत येते तेव्हा त्यांचा नायक हिमेल म्हातारा झालेला असतो, आणि थोड्याच दिवसांत तो जातो. अंत्यविधीच्या वेळी ती रडते, की या माणसाला जाणून घ्यायचा मी काहीच प्रयत्न केला नाही. हे सगळं पहिल्याच भागात आहे, म्हणून निर्धास्त सांगितलं. आता या हिमेलला गावोगाव स्वतःचे पुतळे उभारून घ्यायची हौस. सुरुवातीचे भाग पाहून आमच्याकडचा एक पोरगा म्हणाला, ‘लय मिरोते हा माणूस, आपल्या पुढाऱ्यावानी.’ मत चोख होतं. तोवर जेवढं दाखवलं होतं त्यावरून दुसरं मत होऊच शकत नव्हतं. पुढं काही भागांनी त्या पुतळ्यांमागचं कारण कळतं, आणि ते ऐकून हाच पोरगा बराच वेळ गप्प बसला. तो आधी बोलला होता म्हणून गप्प बसला. ज्यानं मत बोलूनच दाखवलेलं नसतं, त्याला आपलं मत बदललं हे उमगतही नाही. तो म्हणतो, ‘चांगली होती मालिका’, आणि दुसरी लावतो.

‘अटॅक ऑन टायटन’ची तर दहा वर्षं गेली, २०१३ ते २०२३. सुरुवातीला ज्या नायकाचा, एरेनचा, जयजयकार झाला, त्याच्याकडे २०२० च्या डिसेंबरनंतर आलेल्या भागांत समुद्रापलीकडच्या लोकांच्या डोळ्यांनी पाहायची वेळ आली. ज्यांनी ही मालिका येत गेली तशी पाहिली, त्यांना आपला जुना जयजयकार उलट तपासावा लागला. शत्रू कोण, हे आपल्याला कोणी आणि का सांगितलं होतं, हा प्रश्न त्यांच्यापुढं खरोखर उभा राहिला. आज शेवट ऐकून बसणारा पोरगा पहिल्या भागापासून शहाणा असतो. त्याला ती उलटतपासणी मिळत नाही. निवडणुकीच्या सभेतून घरी येणाऱ्या, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींवरून अख्ख्या समाजाबद्दल मत बनवणाऱ्या आपल्या गावांत, स्वतःचं मत उलट तपासायची सवय मिळत असेल तर ती कशातून मिळाली याचा तिटकारा का करावा?

म्हणून मी म्हणतो, मत अर्धवट असू द्या, पण ते कुठवरचं आहे हे सांगून द्या. ‘मी सातव्या भागापर्यंत पाहिलं आहे, आणि तिथवर मला असं वाटतं’ एवढं म्हटलं की मत प्रामाणिक झालं. किती माहिती हातात असताना आपण बोलतो आहोत हे आधी सांगायचं, ही शिस्त आपल्या चावडीवरच्या बोलण्यात फार कमी आहे.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट मला वेगळीच वाटते. विदर्भातल्या खेड्यातून दिसतं ते बाकी ठिकाणांहून दिसत नाही, म्हणून इथलं मत सांगितलं गेलं पाहिजे. याचा पुरावा मी ‘विनलँड सागा’तून देतो.

ही मालिका हजार वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातली. २०१९ मध्ये तिचे २४ भाग आले, ते सूडाचे आणि लढायांचे. जानेवारी २०२३ मध्ये दुसरा मोसम, म्हणजे मालिकेचं दुसरं पर्व, आला आणि लढाया गेल्या. नायक थोरफिन गुलाम म्हणून डेन्मार्कमधल्या केटिल नावाच्या मालकाच्या शेतावर येतो. त्याला आणि एनार नावाच्या दुसऱ्या गुलामाला जंगलाचा एक तुकडा मिळतो. झाडं तोडा, खुंट काढा, वावर करा, गहू पेरा, तो गहू मालकाला विका आणि त्या पैशातून आपली सुटका विकत घ्या, असा करार. भागामागून भाग हेच चालतं. त्या महिन्यांत बऱ्याच चाहत्यांची ओरड होती, की मालिका रटाळ झाली, काही घडतच नाही.

आमच्या गावात हरभऱ्याच्या दिवसांत रात्री जागल असते. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत एकर साफ करतात, म्हणून वावरात कोणीतरी लागतंच. मचाणावर दोघं बसतात, एकाच्या हातात टॉर्च, मध्ये मोबाइल, आणि रेंज यावी म्हणून मोबाइल धुऱ्याकडच्या खांबाला टांगलेला. अशा एका जागलीवर झालेलं बोलणं मी ऐकलेलं आहे.

‘लय बोर झाली रे आता. लढाईच नाई.’

‘काऊन? वावर काढून रायला ना थो.’

‘त्याच्यात काय पायाचं?’

‘अबे, खुंट काढाले घोडा मांगाले जाते थे पाय. आपल्याले कोणाची बैलजोडी मांगाची असली का कसं तोंड होते आपलं? तसंच काढलं ना बे त्यानं.’

या पोराचा बाप सालदार होता. पाडव्याला साल ठरायचं, उचल घ्यायची आणि वर्षभर मालकाच्या गोठ्यावर. पुढं बोलणं केटिलवर आलं. पहिला म्हणाला, मालक चांगला आहे, मारत नाही, जेवायला देतो, सुटायची वाटही दाखवतो. सालदाराचा पोरगा म्हणाला, ‘चांगला असंन. पण वही कोणापाशी हाय थे पाय. गहू किती झाला, भाव काय लागला, फिटले किती, हे कोण लिवते?’

त्या मोसमाबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, नावाजलेल्या समीक्षकांचंही. त्यात हिंसेबद्दल लिहिलेलं असतं, क्षमेबद्दल असतं, युकिमुरांच्या मूळ चित्रकथेशी तुलना असते. वहीबद्दल मला कुठं सापडलं नाही. दयाळू मालक हा मालकच असतो आणि हिशोब त्याच्याच हातात असतो, हे ओळखायला ज्याच्या घरात उचल फिटता फिटत नव्हती असा माणूस लागतो. मालिका पुढं केटिलला कुठं नेते ते मी सांगत नाही, ज्यांनी पाहिली नाही त्यांनी पाहावी. एवढंच सांगतो की त्या रात्री मचाणावर झालेलं निदान मालिकेनं खोटं पाडलं नाही. आणि ते निदान शेवट पाहून केलेलं नव्हतं. गहू अजून उगवायचा होता तेव्हा केलेलं होतं.

गहू उगवल्यावर शेतावरचे मोलकरी मत्सरानं या दोघांचे कोवळे कोंब उपटून टाकतात, तो प्रसंग शहरातल्या मुलाला कथेतला एक अडथळा वाटेल. उभं पीक सकाळी आडवं दिसणं म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे, तो तिथं मोबाइल बाजूला ठेवतो.

‘सिल्व्हर स्पून’ ही मालिका तर आपल्यासाठीच केली असावी असं वाटतं. २०१३ आणि १४ मध्ये ती आली. सापोरोसारख्या शहरातला हाचिकेन नावाचा मुलगा अभ्यासाच्या स्पर्धेला कंटाळून होक्काइडोतल्या शेतकी शाळेत जातो. बाकी सगळी मुलं शेतकऱ्यांची, गोठेवाल्यांची. लिहिणाऱ्या हिरोमु आराकावा स्वतः होक्काइडोतल्या दूधव्यवसाय करणाऱ्या घरातल्या, चित्रकार होण्याआधी त्यांनी सात वर्षं घरच्या गोठ्यावर काम केलेलं. म्हणून त्यात शेण आहे, बाळंत होणारी गाय आहे, आणि कर्जही आहे. कोमाबा नावाचा मुलगा बेसबॉल खेळून घर वर काढायची स्वप्नं पाहतो. घरचा गोठा कर्जात बुडतो, गायी विकल्या जातात, शाळा सुटते. आणि त्याच्या घरच्या कर्जाला मिकागे नावाच्या मैत्रिणीच्या घरानं जामीन दिलेला असतो, त्यामुळे तिकडचे घोडेही जातात. जामीन राहिलेल्या शेजाऱ्याच्या दारात वसुलीवाला आला की दोन घरांत काय होतं, हे सांगायला आमच्याकडच्या कोणत्याही माणसाला प्रस्तावना लागत नाही. आमच्या वाचनालयात बसणारे एक काका, ज्यांनी आयुष्यात अ‍ॅनिमे पाहिलेलं नव्हतं, त्यांना पोरांनी हे कथानक तोंडी सांगितलं. ते म्हणाले, ‘जपानातबी जामीनदारच मरते का?’ आणि मग त्यांनी मालिका पाहायला मागितली.

विदर्भाच्या तरुणाला बाहेरचे लोक प्रश्न विचारतात ते ठरलेले असतात. कापसाला भाव किती मिळाला, बोंडअळी आली का, कर्ज किती, कोणाच्या घरी आत्महत्या झाली. २००६ मध्ये पंतप्रधान येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले, तेव्हापासून कॅमेरे येतात ते हेच विचारायला. हे प्रश्न खरे आहेत आणि विचारलेच पाहिजेत. पण एखाद्या कलाकृतीबद्दल तुला काय वाटतं, हे विचारणं म्हणजे त्या माणसाला बुद्धी आणि आवडनिवड आहे हे मान्य करणं. तो प्रश्न पुण्याच्या मुलाला विचारला जातो. आमच्या पोरांना तो आपणही विचारत नाही. भागातले प्रश्न इतके गंभीर असताना हे काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. मी म्हणेन, जागलीवरच्या त्या दोघांनी सालदारीचा प्रश्न जेवढ्या नेमकेपणानं बोलून दाखवला, तेवढा मी ग्रामसभेत ऐकलेला नाही. बापाच्या उचलीबद्दल चारचौघांत बोलायला पोराला लाज वाटते. थोरफिनच्या उचलीबद्दल तो मोकळेपणानं बोलतो.

या मतांना मारणाऱ्या दोन गोष्टी आहेत, त्या थोडक्यात सांगतो. एक म्हणजे दहापैकी किती गुण हा हिशोब. मालिकांना गुण देणाऱ्या मायअ‍ॅनिमेलिस्ट या संकेतस्थळावर अमुक मालिका वर आहे म्हणून ती भारी, खाली आहे म्हणून फालतू, असं म्हणून पोरं स्वतःचं मत गिळतात. आकडा जगभरच्या लोकांचा असतो, त्यात तुझ्या वावराचा अनुभव मोजलेला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शहरी चाहत्यांचा दिमाख, की खरं अ‍ॅनिमे जपानी आवाजात इंग्रजी अक्षरं वाचतच पाहायचं, हिंदीत पाहणारा कच्चा. चोवीस मिनिटं पळती इंग्रजी अक्षरं वाचणं जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला जड जातं, आणि चित्राकडे त्याचं लक्षच राहत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट आपल्याकडे लागला तो जपानी आणि इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही लागला, म्हणून आमच्याकडची पोरं नागपूर-अमरावतीपर्यंत जाऊन आली. हिंदीत पाहा आणि मत वऱ्हाडीत द्या, त्यात काहीच कमीपणा नाही. तमिळ-तेलुगूच्या रांगेत मराठी का नव्हती, हा प्रश्न आपण विचारायचा आहे, आणि तो विचारायला आधी मराठीत या विषयावर बोलणारे लोक दिसले पाहिजेत.

मुलींचं मत तर अजूनच आत दाबलेलं आहे. पोरं पारावर, टपरीवर, बसस्टँडवर बोलतात. मुली पाहतात आईच्या मोबाइलवर, रात्री भांडी आटोपल्यावर, आवाज बारीक करून. त्यांचं बोलणं दोन मैत्रिणींपलीकडे जात नाही. ‘डीमन स्लेयर’मध्ये नायक तांजिरोची बहीण नेझुको राक्षस होते आणि कोणाला चावू नये म्हणून तिच्या तोंडात बांबूचा तुकडा बांधलेला असतो. सगळ्या पोरांची ती लाडकी, वह्यांवर तिचे स्टिकर. नववीतली एक मुलगी मला म्हणाली, ‘सगळे म्हणतात नेझुको भारी. लढाले भारी, पण तिले बोलूच देत नाई ना. भावालेच बोला लागते तिच्यासाठी.’ तिनं तोवर पहिलाच मोसम पाहिलेला होता. पुढे कथा काय वळण घेते त्यावरून तिचं मत बदलेल किंवा नाही बदलणार, पण हे वाक्य तिनं वर्गात उभं राहून म्हणायला हवं होतं. मुलं त्यावर भांडली असती, तांजिरोची बाजू घेतली असती, आणि तिनं उत्तर दिलं असतं. तो तास कोणत्याही मूल्यशिक्षणाच्या तासापेक्षा चांगला झाला असता.

पुढचं सांगून मजा घालवण्याची तक्रार मात्र खरी आहे आणि ती मोठ्यांनीही समजून घ्यावी. आपल्या परंपरेत शेवट माहीत असलेली गोष्ट पुन्हा ऐकायची सवय आहे. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला हरिश्चंद्राचं काय होणार हे माहीत असतं, तरी माणसं रडतात. पूर्वेकडे वडसा, ब्रह्मपुरी, गोंदियाकडे झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्र-रात्र चालतात, आणि सकाळी चहाच्या टपरीवर कोणाचं काम जमलं, कोणाचं गाणं पडलं, याचा असा काही पंचनामा होतो की नाटकवाल्यांनी ऐकून घ्यावा. तिथं नाटक संपलेलं असतं, सगळ्यांनी एकत्र पाहिलेलं असतं. चालू मालिकेत एक जण सतराव्या भागावर असतो, दुसरा चौथ्यावर. तिसऱ्यानं जपानी चित्रकथाच वाचून ठेवलेली असते आणि त्याला सगळंच माहीत असतं. अशा वेळी घडलेलं न सांगता मत सांगायचं म्हणजे कस लागतो. काय झालं हे सांगता येत नाही, म्हणून कसं दाखवलं, कोणतं पात्र पटलं नाही, कुठं घाई केली, संगीत कुठं थांबवलं, हेच बोलावं लागतं. आणि समीक्षेला एवढंच तर लागतं.

ही समीक्षा आपण शाळेत शिकवत नाही का? शिकवतो. दहावीच्या मराठीत कवितेचं रसग्रहण असतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, असे मुद्दे पाडलेले असतात. पोरं ते गाईडमधून पाठ करतात, कारण ती कविता आवडली का, कुठं खटकली, हे त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. तोच मुलगा संध्याकाळी पारावर बसून म्हणतो, ‘त्या सीनमंधी पाऊस दाखोला पण आवाजच बंद केला, म्हून काळीज हाललं.’ हे रसग्रहण आहे, आणि हे गाईडमध्ये नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेत परिपाठ होतो. प्रार्थना होते, सुविचार होतो, बातम्या वाचल्या जातात, बोधकथा होते. आठवड्यातून एक दिवस बोधकथेच्या जागी आठवी-नववीच्या एका मुलाला किंवा मुलीला सध्या पाहत असलेल्या मालिकेबद्दल बोलू द्यावं. अ‍ॅनिमेच पाहिजे असं नाही, पण अ‍ॅनिमेला मनाई नको. आधी मालिकेचं नाव, ती कोणी लिहिली आणि दिग्दर्शित केली, कारण चोरून आलेल्या फाइलींत नावांची पाटी कापलेली असते आणि हे काम माणसांनी केलेलं आहे हेच पोरं विसरतात. ‘फ्रीरेन’चे ते २८ भाग केइइचिरो साइतो यांनी दिग्दर्शित केले हे पोरांना माहीत असलं पाहिजे. मग आपण कितव्या भागावर आहोत ते. मग मत, कारणासकट, पुढचं न फोडता. मग कोणत्या वयाच्या मुलानं पाहावी आणि कोणी थांबावं. समोरच्यांनी दोन प्रश्न विचारावेत. बोली जी येईल ती चालेल. मुलीला बोलायची पाळी मुलाइतक्याच वेळा आली पाहिजे, हे शिक्षकांनी वहीत लिहून पाळावं.

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालयं आपल्या गावागावांत आहेत. त्यातल्या कित्येक ठिकाणी सकाळी पेपर वाचणारे चार म्हातारे सोडले तर दिवसभर कोणी फिरकत नाही. शनिवारी संध्याकाळी हीच बैठक तिथं घेता येईल. खर्च काही नाही. पेपर वाचणारे म्हातारे बसले तर उत्तमच, कारण जामीनदाराबद्दल त्यांना पोरांपेक्षा जास्त माहीत आहे. मुख्याध्यापक विचारतील की यानं निकालात काय फरक पडेल, आणि ते त्यांना विचारावंच लागतं. त्यांना म्हणावं, सहामाहीला रसग्रहणाचा प्रश्न टाका, आणि परिपाठात बोललेल्या मुलांच्या उत्तरपत्रिका वेगळ्या काढून वाचा.